अपग्रेडनंतर लाल राहिलेला नेटवर्क अलार्म : खोटा ठरवण्याआधीची तपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा होस्टांच्या (व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या सर्व्हरांच्या) एका क्लस्टरवर, म्हणजे गटावर, ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची होस्टवर चालणारी प्रणाली) ६.७ वरून थेट ८.० वर अपग्रेड केले, व्हीसेंटर (सगळे होस्ट एका ठिकाणाहून सांभाळणारा सर्व्हर) त्याआधीच ८.० वर नेले होते, आणि काम निर्विघ्न पार पडल्यावर सहापैकी चार होस्टांवर 'नेटवर्क अपलिंक रिडंडन्सी लॉस्ट' हा लाल अलार्म येऊन बसला. अपलिंक म्हणजे होस्टला भौतिक स्विचशी जोडणारी जोडणी, आणि रिडंडन्सी म्हणजे एक गेली तरी काम चालावे म्हणून ठेवलेली दुसरी. केबल जागच्या जागी आहेत, स्विचच्या पोर्टवरचे दिवे हिरवे आहेत आणि व्हर्च्युअल मशिन सुरळीत चालू आहेत. 'रीसेट टू ग्रीन' (अलार्म हाताने हिरवा करणे) केले की अलार्म जातो. दोन होस्टांवर तो पुन्हा आला नाही, उरलेल्या दोन होस्टांवर मात्र प्रत्येक रीबूटनंतर हजर होतो. तेव्हा हा अलार्म खोटा समजून व्याख्येतूनच बंद करावा का, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

माझे उत्तर नाही असे आहे. शिवाय हे चार अलार्म एकाच कारणाचे नाहीत, हे प्रश्नातच दिसते आहे. रीसेट केल्यावर गप्प बसलेले दोन होस्ट आणि दर रीबूटला ओरडणारे दोन होस्ट यांची गल्लत केली, तर पहिल्या दोघांवरचा उपाय दुसऱ्या दोघांना लावला जाईल आणि खरा बिघाड झाकला जाईल.

आधी हा अलार्म कसा चालतो ते पाहू. व्हीसेंटरमधले अलार्म ढोबळमानाने दोन जातींचे असतात. एका जातीत व्हीसेंटर एखादी स्थिती किंवा आकडा सतत पाहत असते, उदाहरणार्थ प्रोसेसरचा वापर. आकडा खाली आला की अलार्म आपोआप उतरतो. दुसऱ्या जातीत व्हीसेंटर काहीच मोजत नाही. होस्टकडून एक घटना कळते, तिची नोंद होते आणि अलार्म लाल होतो. तो हिरवा होण्यासाठी तिची जोडीदार घटना कळावी लागते. रिडंडन्सीचा अलार्म या दुसऱ्या जातीचा आहे. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत 'आत' अशी नोंद झालेला माणूस मागच्या दाराने निघून गेला, तर वहीपुरता तो आतच राहतो. तसेच येथे होते. लाल रंगाचा अर्थ 'आत्ता अपलिंक बंद आहे' असा नसून 'अपलिंक बंद झाल्याची खबर आली होती आणि पूर्ववत झाल्याची खबर माझ्यापर्यंत आलेली नाही' असा आहे.

अपग्रेडच्या वेळी ही जोडी तुटण्याची संधी सर्वांत जास्त असते. समजा, होस्ट अपग्रेडसाठी खाली जाण्यापूर्वी, त्याच रात्री कोणीतरी स्विचचे फर्मवेअरही बदलत होते आणि एक अपलिंक मिनिटभर गेला. होस्टने 'रिडंडन्सी गेली' असे कळवले, व्हीसेंटरने ते आपल्या डेटाबेसमध्ये लिहून घेतले, आणि जोडीदार घटना येण्याआधीच होस्ट रीबूट झाला. नव्या आवृत्तीसह तो वर आला तेव्हा दोन्ही अपलिंक चालू होते. होस्टच्या दृष्टीने काही गेलेच नव्हते, मग 'परत आले' असे तो कशाला सांगेल? होस्टची आठवण रीबूटला पुसली जाते, व्हीसेंटरची पुसली जात नाही. रीसेट केल्यावर शांत झालेले तुमचे दोन होस्ट बहुतेक या प्रकारातले आहेत. त्यांच्यावर रीसेट करणे चूक नव्हते, फक्त ते पुराव्यानंतर करायला हवे होते.

हा पुरावा होस्टवरच्या व्हीओबीडी (होस्टवरच्या घटना टिपणारी सेवा) लॉगमध्ये असतो. होस्टवर एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या जोडणीने) जाऊन 'व्हार' खालच्या 'लॉग' फोल्डरमधली ती फाइल उघडा आणि त्यात 'रिडंडन्सी' आणि 'लिंकस्टेट' हे शब्द शोधा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ असते आणि ती यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते. व्हीसेंटरची खिडकी मात्र तुमच्या ब्राउझरच्या वेळेनुसार भारतीय वेळ दाखवते. पहाटे २ वाजून १० मिनिटांची घटना लॉगमध्ये आदल्या तारखेच्या २० वाजून ४० मिनिटांना सापडेल. हे सांगणे बाळबोध वाटेल, पण साडेपाच तासांच्या या फरकामुळे 'लॉगमध्ये काहीच नाही' असे ठामपणे सांगणारे अनुभवी लोक मी पाहिले आहेत, आणि एकदा त्यांच्यात मीही होतो.

वेळेच्या पुढे चौकोनी कंसात 'नेटकोरिलेटर' असे लिहिलेले असते आणि त्यापुढे एक लांबलचक संख्या असते. ती होस्ट सुरू झाल्यापासूनच्या मायक्रोसेकंदांची असते. ती सहा कोटींच्या आसपास असेल, तर घटना होस्ट सुरू झाल्यावर साधारण एका मिनिटाने घडली, म्हणजे ती बूटच्या क्रमातलीच आहे. तीच संख्या बारा-तेरा आकडी असेल, तर होस्ट कित्येक दिवस चालू असताना अपलिंक गेला होता आणि अपग्रेडशी त्याचा संबंध नाही. त्यानंतर कोणती भौतिक नेटवर्क जोडणी गेली (उदाहरणार्थ व्हीएमनिक१), कोणत्या व्हर्च्युअल स्विचवर आणि त्यावरच्या कोणत्या पोर्टग्रुपांवर (पोर्टांच्या गटांवर) त्याचा परिणाम झाला, हे त्याच ओळीत सापडते. अलार्मच्या लाल खुणेपेक्षा ही एक ओळ दहापट बोलकी आहे.

एक अडचण मात्र येऊ शकते. जुने होस्ट यूएसबी किंवा एसडी कार्डवरून बूट होत असतील आणि लॉगसाठी कायमस्वरूपी जागा किंवा सिसलॉग सर्व्हर (लॉग होस्टबाहेर साठवणारा) नेमलेला नसेल, तर लॉग रॅममध्ये राहतात आणि रीबूटबरोबर जातात. तसे असेल तर व्हीसेंटरच्या 'इव्हेंट्स' टॅबवर विसंबावे लागते, आणि तेथे मूळ सेटिंगनुसार घटना ३० दिवसच राखल्या जातात. म्हणून हा तपास पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आता दर रीबूटला ओरडणाऱ्या दोन होस्टांकडे वळू. लॉग वाचताना एकच गोष्ट ठरवायची आहे: 'रिडंडन्सी गेली' या ओळीनंतर काही सेकंदांत 'रिडंडन्सी परत आली' ही ओळ आहे की नाही?

ती ओळ असेल आणि तरीही अलार्म लाल असेल, तर दोष अलार्मच्या व्याख्येकडे जातो. व्हीसेंटरच्या मुळाशी, म्हणजे जेथे ती व्याख्या केलेली आहे तेथे जाऊन 'कॉन्फिगर' खालच्या अलार्म डेफिनिशनमध्ये ती उघडा, कारण होस्टच्या पातळीवर ती फक्त दिसते, बदलता येत नाही. त्यात 'अलार्म रूल' आणि 'रीसेट रूल' असे वेगळे टप्पे आहेत. साध्या (एकाच होस्टपुरत्या) व्हर्च्युअल स्विचवरची रिडंडन्सी जाणे आणि डिस्ट्रिब्युटेड (अनेक होस्टांवर पसरलेल्या) स्विचच्या पोर्टवरची रिडंडन्सी जाणे या दोन स्वतंत्र घटना आहेत आणि त्यांच्या परत येण्याच्या घटनाही स्वतंत्र आहेत. लाल करण्याच्या बाजूला दोन्ही आहेत पण हिरवे करण्याच्या बाजूला एकच आहे, किंवा कोणीतरी पूर्वी स्वतःची प्रत करताना रीसेटचा टप्पाच कोरा सोडला आहे, असे आढळते. हरवलेली जोडीदार घटना तेथे जोडली की हा प्रश्न कायमचा मिटतो. ही एकच अशी परिस्थिती आहे जिच्यात अलार्मच्या व्याख्येला हात लावणे योग्य ठरते, आणि तेव्हाही आपण अलार्म बंद करत नाही, तर त्याला उतरण्याची वाट देतो.

'परत आली' ही ओळच नसेल, तर अलार्म खोटा असल्याचे मानायला काही आधार उरत नाही. मग दिव्यांवर विश्वास न ठेवता होस्टलाच विचारा. 'ईएसएक्ससीएलआय नेटवर्क एनआयसी लिस्ट' ही आज्ञा प्रत्येक नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, लिंकची स्थिती, वेग, मॅक पत्ता (हार्डवेअरचा ओळखक्रमांक) आणि एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) एका ओळीत दाखवते. ६.७ वरून ८.० वर जाताना तुम्ही ७.० ही आवृत्ती ओलांडली आहे आणि ती ओलांडणे साधे नव्हते. ७.० मध्ये, म्हणजे २०२० साली, जुन्या लिनक्स-पद्धतीच्या ड्रायव्हरांना आधार देणारा व्हीएमकेलिनक्स हा थर पूर्णपणे काढून टाकण्यात आला आणि केवळ नेटिव्ह ड्रायव्हर उरले. ज्या कार्डाला नेटिव्ह ड्रायव्हर नाही, ते त्या यादीत दिसणारच नाही. सर्व्हरमध्ये चार पोर्टांचे कार्ड आणि मदरबोर्डावरचे दोन पोर्ट असे सहा पोर्ट असताना यादीत चारच ओळी दिसल्या, तर अलार्म खरे बोलत होता. स्विचकडचा दिवा तेव्हाही हिरवा असू शकतो, कारण काही कार्डांची लिंक ड्रायव्हर नसतानाही फर्मवेअर धरून ठेवते.

यादीतल्या ओळी पूर्ण असतील, तर मॅक पत्ते जुन्या नोंदीशी ताडून पाहा. ड्रायव्हर बदलल्यावर किंवा कार्ड हलवल्यावर व्हीएमनिकचे क्रमांक इकडेतिकडे झाल्याची उदाहरणे आहेत. व्हीएमनिक२ म्हणून तुम्ही जो पोर्ट ओळखता तो आता व्हीएमनिक४ असू शकतो आणि टीमिंगमध्ये (अनेक अपलिंक एकत्र वापरण्याच्या मांडणीत) भलतीच केबल 'अ‍ॅक्टिव्ह' ठरलेली असू शकते. साध्या स्विचवर सीडीपी आणि डिस्ट्रिब्युटेड स्विचवर सीडीपी किंवा एलएलडीपी (शेजारच्या उपकरणाची ओळख सांगणारे प्रोटोकॉल) चालू असेल, तर प्रत्येक अपलिंक समोरच्या कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला लागला आहे हे व्हीसेंटरच्या खिडकीतच वाचता येते. हे वाचताना दोन्ही अपलिंक एकाच भौतिक स्विचला लागलेले आढळले, तर अलार्म हिरवा असूनही तुमच्याकडे रिडंडन्सी नाही. त्यासाठी कोणताच अलार्म वाजत नाही.

लिंक खरोखर उशिरा येत असेल किंवा येऊन-जाऊन करत असेल, तर दोन्ही टोकांच्या वेगाची आणि डुप्लेक्सची (एकाच वेळी दोन्ही दिशांना वाहतूक होते की नाही याची) सेटिंग पाहा. एका बाजूला वेग हाताने ठरवलेला आणि दुसऱ्या बाजूला ऑटो, ही जोडी जुना ड्रायव्हर चालवून घेत होता आणि नवा घेत नाही, असे होते. २५ गिगाबिटच्या कार्डांवर फॉरवर्ड एरर करेक्शनचा (वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करण्याच्या पद्धतीचा) प्रकार दोन्ही टोकांना सारखा आहे का हेही पाहा. कार्डाचे फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांची जोडी हार्डवेअर सुसंगतता यादीत दिलेली असते. होस्ट अपग्रेड करणारे लोक ड्रायव्हर आपोआप नवा घेतात आणि फर्मवेअर चार वर्षांपूर्वीचे तसेच ठेवतात. माझ्या मते अपग्रेडनंतरच्या 'विचित्र' नेटवर्क तक्रारींमध्ये ही जोडी सर्वांत आधी तपासावी, आणि लोक ती सर्वांत शेवटी तपासतात.

उलटी बाजूही सांगतो. मूळ सेटिंगमध्ये होस्ट केवळ 'लिंक आहे की नाही' एवढेच पाहतो. स्विचच्या पोर्टवर पारंपरिक स्पॅनिंग ट्री (जाळ्यात फ्रेम गोल फिरू न देणारी पद्धत) चालू असेल आणि तो पोर्ट एज (टोकाच्या उपकरणाचा) म्हणून नेमलेला नसेल, तर लिंक आल्यावरही साधारण ३० सेकंद तेथून फ्रेम पुढे जात नाही. होस्टला सगळे ठीक दिसते, मशिन मात्र अर्धा मिनिट मुकी असतात. यावर उपाय म्हणून काहीजण 'बीकन प्रोबिंग' (अपलिंकांनी एकमेकांना चाचणीचे पॅकेट, म्हणजे बीकन, पाठवणे) चालू करतात. पण दोनच अपलिंक असताना बीकन हरवला तर दोघांपैकी कोण बिघडले हे होस्टला कळूच शकत नाही. तीन किंवा अधिक अपलिंक नसतील तर त्या वाटेला जाऊ नये. नव्या खोट्या अलार्मांना ते आमंत्रण आहे.

आयएससीएसआय (नेटवर्कवरून स्टोरेज जोडण्याची पद्धत) वापरत असाल तर आणखी एक भेद ध्यानात ठेवा. पोर्ट बाइंडिंगसाठी (स्टोरेजची वाहतूक ठरावीक अपलिंकला बांधण्यासाठी) प्रत्येक व्हीएमकर्नल (होस्टच्या स्वतःच्या वाहतुकीच्या) पोर्टग्रुपला एकच अपलिंक अ‍ॅक्टिव्ह आणि बाकीचे 'अनयूज्ड' ठेवावे लागतात. त्यामुळे तेथील एक केबल गेली की त्या पोर्टग्रुपपुरती जोडणीच गेली असे कळवले जाते, जरी स्टोरेजचा दुसरा मार्ग मल्टिपाथिंगने (एकापेक्षा जास्त मार्ग वापरण्याच्या सोयीने) चालू असला तरी. तो अलार्म खोटा नसतो, फक्त त्याची तीव्रता शब्दांत दिसते तेवढी नसते. याच धर्तीवर, कोणीतरी पूर्वी एखाद्या पोर्टग्रुपवर टीमिंगची वेगळी निवड केली असेल, तर स्विच निरोगी आणि एकच पोर्टग्रुप एकपायी, अशी स्थिती असते. व्हीओबीडीच्या ओळीतली पोर्टग्रुपांची नावे म्हणूनच पूर्ण वाचावीत.

याच सुमारास दिसणाऱ्या दुसऱ्या दोन सूचनांची या अलार्मशी गफलत होते, म्हणून त्या येथेच निस्तरतो. होस्टच्या 'समरी'वर 'या होस्टला सध्या मॅनेजमेंट नेटवर्कची रिडंडन्सी नाही' अशा अर्थाची पिवळी पट्टी दिसते, ती हाय अव्हेलेबिलिटीची (होस्ट पडला तर त्याची मशिन दुसऱ्या होस्टवर सुरू करणाऱ्या सोयीची) आहे आणि घटनेवर नव्हे, रचनेवर आधारित आहे. मॅनेजमेंटला दुसरा अपलिंक देणे हा तिचा खरा उपाय. प्रयोगशाळेत ते शक्य नसेल, तर क्लस्टरच्या प्रगत पर्यायांमध्ये 'डीएएस डॉट इग्नोर रिडंडंट नेट वॉर्निंग' हा पर्याय 'ट्रू' करून होस्टवर हाय अव्हेलेबिलिटी पुन्हा कॉन्फिगर करावी. प्रत्यक्ष वापरातल्या क्लस्टरवर मी हा पर्याय कधी वापरत नाही. दुसरी सूचना डिस्ट्रिब्युटेड स्विचच्या हेल्थ चेककडून येते: व्हीलॅन (एकाच जाळ्याचे वेगळे केलेले आभासी भाग), एमटीयू किंवा टीमिंग जुळत नसल्याची. पोर्टग्रुपवर ० ते ४०९४ असा सगळा ट्रंक (सर्व व्हीलॅन क्रमांकांना वाट) दिलेला असताना भौतिक स्विचवर मोजकेच व्हीलॅन सोडलेले असतील, तर हेल्थ चेक तक्रार करणारच, आणि रचना तशीच हवी असेल तर ती तक्रार निरुपद्रवी आहे. तपासणीपुरता तो चालू करावा आणि मग बंद करावा. तो सतत चालू ठेवल्याने नेटवर्कवर मॅक पत्त्यांची गर्दी होते.

एवढे झाल्यावरही 'खोटा' हा शब्द वापरण्याआधी मी एक चाचणी करतो आणि ती तुम्हीही करावी. होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये (मशिन दुसरीकडे हलवून दुरुस्तीसाठी रिकाम्या स्थितीत) न्या, लॅपटॉपवरून त्याच्या मॅनेजमेंट पत्त्याला सतत पिंग लावून ठेवा आणि रॅकपाशी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला एक केबल उपटायला सांगा. अलार्म काही सेकंदांत लाल झाला पाहिजे, पिंग एखाद-दुसरे सोडून चालू राहिले पाहिजे, आणि केबल परत लावल्यावर अलार्म कोणी हात न लावता हिरवा झाला पाहिजे. मग दुसरी केबल उपटून हेच पुन्हा करा. बहुतेकजण एका केबलवर थांबतात, आणि नेमकी दुसरीच मेलेली असते. होस्टवरून आज्ञा देऊन कार्ड बंद करण्यापेक्षा केबल उपटणे किंवा स्विचकडून पोर्ट बंद करणे मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण खरा बिघाडही बाहेरूनच येतो.

हा आग्रह माझ्या स्वतःच्या चुकीतून आला आहे. काही वर्षांपूर्वी एका रात्रीत मी पाच होस्ट अपग्रेड केले, सकाळी पाचही लाल होते, आणि मी अलार्मची व्याख्या बंद करून पुन्हा चालू केली. त्यामुळे त्या व्याख्येचे सगळ्या व्हीसेंटरमधले लाल अलार्म एका झटक्यात उतरतात. चार होस्टांवर ते शिळेच होते. पाचव्यावर एक एसएफपी (केबल जोडण्यासाठी पोर्टात बसवायचा छोटा सुटा भाग) अर्धवट बसलेली होती. पंधरवड्याने दुसऱ्या स्विचचे नियोजित काम निघाले आणि त्या होस्टवरची सगळी मशिन एकदम जाळ्याबाहेर गेली. एसएफपी अंगठ्याने दाबून 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसवायला दोन सेकंद लागले. त्याआधीची चाळीस मिनिटे मी व्हर्च्युअल स्विचच्या सेटिंग चाळण्यात घालवली होती, कारण 'तो अलार्म खोटा आहे' हे मीच सगळ्यांना सांगितले होते.

मॅनेजमेंट एजंट पुन्हा सुरू करून पाहावे का, असे विचारले जाते. होस्टडी आणि व्हीपीएक्सए या दोन सेवा पुन्हा सुरू केल्याने होस्ट आणि व्हीसेंटर यांच्यातला संवाद सुधारतो, पण व्हीसेंटरच्या वहीतली जुनी नोंद त्याने पुसली जात नाही. सर्व सेवा एकदम पुन्हा सुरू करणारी 'सर्व्हिसेस डॉट एसएच' ही स्क्रिप्ट मात्र एलएसीपी (अनेक केबल एकच जोडणी म्हणून वापरण्याचा प्रोटोकॉल) वापरत असलेल्या होस्टवर चालवू नका; नसलेला नेटवर्क बिघाड त्याने खरा होईल.

तुमच्या चारही होस्टांवर क्रम असा ठेवा. व्हीओबीडीच्या ओळी उतरवून घ्या, जोडीदार घटना आहे का ते पाहा, नसेल तर कार्ड, ड्रायव्हर, फर्मवेअर आणि स्विचपोर्ट या वाटेने जा, दोन्ही केबलांची चाचणी करा, आणि मगच 'रीसेट टू ग्रीन' करा. तपास चालू असताना पहाटेचे मेल थांबवायचे असतील तर 'अक्नॉलेज' पुरेसे आहे. त्याने सूचना थांबतात पण लाल खूण राहते, आणि ती राहायलाच हवी. पुढच्या अपग्रेडला ज्या होस्टवर काम चालू आहे तेवढ्याच होस्टवर उजव्या क्लिकने अलार्मच्या कृती बंद करा, त्या पुन्हा चालू करण्याची ओळ बदलाच्या कागदावर 'मेंटेनन्स मोडमधून बाहेर' या ओळीच्या आधी लिहा आणि तिच्यापुढे सही करणाऱ्या माणसाची जागा ठेवा.